रडली की परत देऊ नको, भावा

एका तरुण बापाचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: "सर, मुलगी तेरा आठवड्यांची झाली. बायको बाळंतपणाला माहेरी गडहिंग्लजला आहे, मी शिरोली एमआयडीसीत कामाला. शनिवारी संध्याकाळी जातो, सोमवारी पहाटे परत येतो. मी घेतलं की पोरगी भोकाड पसरती, आईनं नायतर आज्जीनं घेतलं की लगेच गप्प. सासूबाई हसत म्हणतात, जावईबापू ऱ्हाऊ द्या, तुमचं काम न्हाई ते. पोरीला मी आवडतच नाही का? का मोठी झाली की आपोआप येईल म्हणून वाट बघत बसू?"

भावा, बावीस वर्षं झाली कोल्हापुरात लहान पोरांची ओपीडी बघतोय, घरात दोन पोरं आहेत, थोरली एकोणीस आणि धाकटा चौदा, त्यामुळं डॉक्टर म्हणून आणि पोळलेला बाप म्हणून असं दोन्हीकडनं सांगतो. जरा लांबण लागंल, चहा घेऊन बस.

आधी ते आवडत नाही वगैरे डोक्यातनं काढ. तेरा आठवड्यांच्या बाळाची आवडनिवड एवढीच असती की पोट भरलंय का, अंग गरम आहे का, आणि ज्यानं धरलंय त्याचा वास-आवाज ओळखीचा आहे का. आईचा आवाज ती पोटात असल्यापासनं महिनोन् महिने ऐकत आलीय. जन्मल्यावर बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, आणि पाजताना आईचं तोंड बरोबर तेवढ्याच अंतरावर असतं. वर दुधाचा वास. म्हणजे आईकडं ओळखपत्रं तीन आणि तुझ्याकडं काय, तर आठवड्यातनं एकदा येणारा, दाढी टोचणारा, मशीनच्या ऑइलचा नायतर डिओचा वास येणारा एक इसम, जो उचलतोय तेच मुळी घाबरत. ती रडणार नाय तर काय आरती ओवाळणार?

आता मला एक खरं सांग. ती रडायला लागल्यावर किती वेळानं तू तिला परत देतोस? ओपीडीत मी हा प्रश्न बापांना विचारतो, ते जरा कावरेबावरे होतात आणि मग बायकोच उत्तर देती, "कुठला वेळ सर, लगेच, घे घे घे करत." माझा अंदाज तीस सेकंदांचा. आपल्या गावात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर पाऊण तास पिशवी धरून उभा ऱ्हाणारा माणूस, खाटकाला "फऱ्याचं घाल, चरबी नको" असं तीनदा न कंटाळता सांगणारा माणूस, स्वतःच्या पोरीच्या रडण्यासमोर अर्धा मिनिट टिकत नाही. सगळी गोम इथंच आहे. तू घेतोस, ती रडती, तू देतोस, ती आईकडं गप्प होती. असं दर शनिवार-रविवार दहा वेळा झालं की तिचं तर सोड, तुझंच शिक्षण पक्कं होतं की आपल्याच्यानं होत नाही. तिला गप्प करायची पाळी तुझ्यावर कधी आलेलीच नाही, मग जमणार कुठनं.

मी काय वेगळा नव्हतो बरं का. थोरली झाली तेव्हा माझी प्रॅक्टिस तीन वर्षांची, भिंतीवर डिग्री, दिवसाला चाळीस आईबापांना ज्ञान वाटायचो. आणि घरात? घरात आमच्या आईसाहेबांचं राज्य. अंघोळ घालायला एक मावशी यायच्या, त्या पाय पसरून पोरीला पायावर घेऊन अशा रगडायच्या की माझा जीव वरखाली. एकदा म्हटलं, मावशी टाळूवर एवढं तेल नको, जोरात दाबू नका, तर त्या न बघताच म्हणल्या, "डाक्टर, तुमास्नीबी मीच न्हाऊ घातलंय." विषय संपला. डिग्रीकडं बघत बाहेर आलो.

आमच्या आण्णांचं तर विचारूच नको. आई सांगायची, त्यांनी मला पहिल्यांदा उचललं ते जोतिबाच्या चैत्र यात्रेत, दोन वर्षांचा असताना, आणि तेपण प्रेमानं नाही, गर्दीत हरवीन म्हणून. पोराला कडेवर घेऊन गल्लीत फिरणं म्हणजे त्यांच्या पिढीला बायकी काम, चारचौघात तर नाहीच. पुढं मात्र शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की खांद्यावर बसवून न्यायचे आणि गोल झाला की खांद्यावर पोरगं आहे हे विसरून उड्या मारायचे. आमचं बापलेकाचं जे काय जमलं ते त्या खांद्यावर जमलं. पण चार-पाच वर्षं वाट बघितली की माणसानं, तेवढी कशाला बघायची?

माझी पाळी अशीच अचानक आली. थोरली दहा-अकरा आठवड्यांची असंल. आई एका मयताला गावाकडं गेलेली, बायकोला सणसणीत ताप, ती गोळी घेऊन आतल्या खोलीत गाढ झोपलेली. दूध नुकतंच पाजून झालेलं, म्हणजे भुकेचं कारण नाही. संध्याकाळी सात वाजता पोरीनं सूर लावला. परत द्यायला घरात कोणच नाही. आयुष्यात पहिल्यांदा लक्षात आलं की आता ही आणि मीच. खांद्यावर घेतलं, रडली. मांडीवर घेतलं, जास्त रडली. खुळखुळा वाजवला तर माझ्याकडं असं बघितलं की मलाच लाज वाटली. मग डोकं चालायला लागलं. पुस्तकात वाचलेलं, लोकांना शंभरदा सांगितलेलं आणि स्वतः कधीच न केलेलं ते केलं: तिला पालथं माझ्या हातावर घेतलं, पोट आणि छाती हातावर, डोकं कोपराच्या बेचक्यात जरा बाजूला वळवून, नाक-तोंड मोकळं, दुसरा हात पाठीवर, आणि गच्चीवर येरझाऱ्या. अंगाई एक पाठ असंल तर शप्पत. तोंडात आलं ते म्हणायला लागलो, आणि तोंडात काय येणार, लसीचं वेळापत्रक. बीसीजी जन्मल्यावर, डीपीटी सहाला, दहाला, चौदाला, गोवर नवव्या महिन्याला. सहा, दहा, चौदा. सहा, दहा, चौदा. चाळीस मिनिटं हे कीर्तन चाललं. शेजारच्या गच्चीवरचे काका आधी हसले, मग आत निघून गेले. आणि पोरगी हातावरच झोपली. हात मुंग्या येऊन पार बधिर झालेला, पण खाली ठेवायची छाती होईना. आठ वाजता बायको उठून बाहेर आली, बघितलं, काय बोलली नाही, फक्त मोठा दिवा बंद करून गेली. थोरली आता होस्टेलवर असती, झोप येईना झाली की अजून फोन करून म्हणती, "पप्पा, सहा-दहा-चौदा म्हणा की." मी ओपीडीत असलो तर कंपाउंडरसमोर म्हणावं लागतं, काय करता.

तर तुझ्याकडं येऊया. एक चांगली बातमी म्हणजे बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, त्यातनं पण संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच उतरतं. म्हणजे अवघड पेपर बायकोनं आणि सासूबाईंनी दिलेला आहे, तू आता सोप्या पेपरला बसतोयस. तरी फेल झालास तर मग मात्र अवघड आहे.

ह्या शनिवारी गेलास की आधी अंघोळ कर, सेंटबिंट काय मारू नको. बायकोला सांग की पाजून झाल्यावर, ढेकर काढल्यावर अर्धा तास पोरगी माझी. आणि त्या अर्ध्या तासात बायको आणि सासूबाई खरोखर दुसऱ्या खोलीत, जमलं तर घराबाहेर. दारातनं "अगं बाई, रडवलं का" असा आवाज आला तरी तालीम फुकट. तू शर्ट काढ, पोरगी लंगोटावर, छातीला छाती लावून धर आणि वरनं दुपटं टाक. हे काय माझं डोकं नाही. कोलंबियातल्या बोगोटाच्या एका दवाखान्यात १९७८ च्या सुमाराला काचेच्या पेट्या कमी पडायला लागल्या म्हणून कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीला बांधून ठेवायला लागले, त्यातनं कांगारू केअर आली, आणि आता जगभर करतात. आईला जमत नसंल तेव्हा बापाच्या छातीला लावतात, बाळ तिथंपण तसंच उबेत ऱ्हातं. तुझी पोरगी चांगल्या वजनाची आहे, तिला उपचार म्हणून गरज नाही, पण वास आणि छातीची धडधड ओळखीची व्हायला ह्याच्यासारखं काय नाही. मान अजून पक्की झालेली नसणार, ती तेवढी सांभाळ. बोलत ऱ्हा. काय बोलायचं सुचत नसंल तर शिफ्टमध्ये काय झालं ते सांग, सुपरवायझरला शिव्या घाल, तिला कुठं कळतंय, आवाज कळतो.

रडंल. पहिल्या खेपेला नक्की रडंल. तू देऊ नको. धरायची पद्धत बदल, चाल, खिडकीशी ने, लंगोट ओला आहे का बघ, पण हात तुझेच ऱ्हाऊ देत. भुकेनं रडतीय असं वाटलं, मुठी चोखायला लागली, तोंड वळवून शोधायला लागली, तर मात्र आईकडं, तिथं हट्ट करायचा नाही. आणि एक गोष्ट चेष्टा बाजूला ठेवून सांगतो. कधी रडणं अगदीच सहन होईना झालं, डोकं फिरायला लागलं, तर तिला पाठीवर पाळण्यात झोपव आणि पाच मिनिटं अंगणात जाऊन ये. रडली तर रडू दे. पण वैतागून बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही. त्यानं मेंदूत रक्तस्राव होतो, आणि असली बाळं आम्ही बघितलेली आहेत.

सासूबाईंचं काय करायचं हा तुझ्या प्रश्नातला न विचारलेला प्रश्न, खरं का नाही? त्यांच्याशी भांडायचं नाही. त्यांनी तीन महिने रात्रीचा दिवस केलाय आणि तू सोमवारी पहाटे पळतोस. पण काही गोष्टींवर बापानं तोंड उघडायलाच पाहिजे: सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध सोडून काय नाही, उन्हाळा असला तरी वरचं पाणी नाही. मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत तर अजिबात नाही, त्यातनं बोटुलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी विषबाधा होऊ शकती, दुर्मिळ आहे पण जिवावरचा आहे. डोळ्यात काजळ नको, त्यात शिसं असू शकतं, तीट लावायचीच असली तर तळपायाला लाव म्हणावं, दृष्ट तिथनंपण उतरती. गुटी नको. आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध तू पाहिजे तेवढं पी, पोरीला वर्षाच्या आत वरचं दूध प्यायला नको. हे सगळं "मला वाटतं" म्हणून सांगितलंस तर मार खाशील. "डॉक्टरनं सांगितलंय" म्हणून सांग. आमचा जन्मच त्यासाठी आहे, घराघरातली भांडणं स्वतःच्या अंगावर घ्यायला. तिला रोज ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिटचे थेंब चालू आहेत का तेवढं विचार, आणि ते थेंब तू असशील त्या दिवशी तू घाल. आज्जींची मालीश मात्र चालू दे, बाळाला ती लई आवडती, फक्त कानानाकात तेल नको.

आता एक गंमत सांगतो, तालमीतल्या मित्रांना सांगू नको. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात सहाशेच्या वर तरुण पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, काही वर्षांच्या अंतरानं दोनदा मोजलं, २०११ ला तो अभ्यास छापून आला. जे मधल्या काळात बाप झाले त्यांचं चांगलंच उतरलेलं, आणि बापांमध्ये परत जे रोज तीन तास किंवा जास्त पोराचं करत होते त्यांचं सगळ्यात कमी. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला ज्यांचं जास्त होतं तेच पुढं बाप व्हायची शक्यता जास्त होती. म्हणजे पठ्ठ्या आधी मैदान मारतो आणि मग दुपटी घडी घालायला बसतो. शरीरालाच ठाऊक आहे की आता दंड थोपटायचे दिवस संपले. आमच्या एका मित्राला हे सांगितलं, जोर-बैठका मारणारा गडी, तर तो दोन दिवस पोराला हात लावेना.

तू म्हणशील, सर रजा कुठाय. ते खरंच आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळती, खाजगीत तसा कायदाच नाही, मालकाच्या मर्जीवर. आईला २०१७ पासनं कायद्यानं सव्वीस आठवडे झाले, बापाला मात्र पेढे वाटण्यापुरती अर्धी सुट्टी. त्यामुळं तुझ्या वाट्याला शनिवार-रविवारच येणार, पण ते दोन दिवस जावई म्हणून पाटावर बसून कोंबडी खाण्यात घालवायचे का नाही ते तुझ्या हातात आहे. आणि एकटा ऱ्हातोस, रात्री खोलीवर येऊन कशातच मन लागत नाही, झोप नाही, उगाच चिडचिड, असं दोन-तीन आठवडे चाललं असंल तर तेपण दाबून ठेवू नको. बाळ झाल्यावर नैराश्य फक्त आईलाच येतं असं नाही, साधारण दहातल्या एका बापाला येतं. बापाला कोण विचारत नाही म्हणून कळत नाही. डॉक्टरकडं जा, त्यात कमीपणा काय नाही.

बायको-पोरगी कोल्हापूरला आल्या की एक काम पूर्णपणे तुझ्या नावावर कर. मदत नाही, काम. मदत म्हणजे बायकोनं सांगायचं आणि आपण उपकार केल्यासारखं करायचं. माझ्या नावावर नखं होती. पहिल्याच दिवशी करंगळीचं कातडं जरासं कापलं, रक्ताचा एक थेंब आला, पोरगी दोन मिनिटांत गप्प झाली आणि बायको तीन दिवस. त्यानंतर झोपल्यावर कापायला लागलो, ओठ दाताखाली धरून, रोज एक हात. दुसरं म्हणजे सकाळी रंकाळ्याला एक चक्कर. पोरगी छातीला बांधलेली, खांद्यावर एक फडकं, आणि दर पन्नास पावलांवर कोणतरी थांबवून विचारणार, "डॉक्टर, वहिनी बऱ्या आहेत न्हवं?" म्हणजे बाईमाणूस आजारी असल्याशिवाय बाप पोराला घेऊन फिरंल कशाला. तुलापण विचारतील, हसून पुढं जायचं. एवढं करूनपण आठव्या-नवव्या महिन्यात पोरगी परत एकदा तुला बघून आईला चिकटंल, त्या वयात सगळीच पोरं अनोळखी माणसाला बुजतात, आणि सारखा शिफ्टला जाणारा बाप अर्धा अनोळखीच. तेव्हा परत मला प्रश्न पाठवू नको. खाली जमिनीवर बस, तिच्याकडं बघू नको, डबे वाजवत बस, येती बरोबर.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवलेला. मला ओपीडीत बसून कायम वाटतं, लसीच्या दिवशी पोराला आईच्या मांडीवर सोडून "गाडी बघून येतो" म्हणणाऱ्या बापांना तसाच दंड ठेवायला पाहिजे, महापालिकेचे निम्मे खड्डे बुजतील. सुई टोचताना धरायला आई, रडणं झेलायला आई, आणि पाच मिनिटांनी बाप आत येऊन, "झालं का? रडली का?"

तुझ्या पोरीचा चौदाव्या आठवड्याचा डोस पुढच्या आठवड्यात येतोय, हिशोब कर. पेंटाव्हॅलंटचा (डीपीटी धरून पाच रोगांवरची एकच लस) तिसरा, त्याच्याबरोबर पोलिओ, रोटाव्हायरस आणि बाकीचे. एक दिवसाची रजा टाक, काय सांगायचं ते सांग, आणि गडहिंग्लजला जा. लसीचं कार्ड तुझ्या खिशात पाहिजे. सिस्टर मांडी पुसायला लागल्या की पोरगी तुझ्या मांडीवर पाहिजे, बायकोनं शेजारी बसायचं. ओरडंल, लाल होईल, श्वास कोंडल्यासारखा करंल, तू घट्ट छातीशी धर आणि उठून चालायला लाग. कोणतरी हात पुढं करून म्हणंलच, "द्या इकडं." द्यायचं नाही. तिथं अर्धा तास थांबायला सांगतात, तेवढा वेळ तुझाच आहे. रात्री अंग गरम झालं तर घाबरू नको, लसीनंतर एक-दोन दिवस ताप येतो, पॅरासिटामॉल वजनावर किती द्यायचं ते सिस्टरना तिथंच विचारून कार्डावर लिहून घे, आणि ड्रॉप दिलेत का सिरप तेपण लिही, दोन्हीची ताकद वेगळी असती. दोन दिवसांच्या वर ताप टिकला, किंवा दूधच ओढेना झाली, नायतर अगदी मलूल पडली, तर डॉक्टरला दाखव.

आणि त्या दिवशी पांढरा शर्ट घालू नको.